आधी गॅस बंद, मग रम

रमला उकळी फुटली तशी ताईने स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं आणि खिडकी सताड उघडली. गार वारा आत घुसला. घुसू दे. वास खिडकीतून गेला म्हणजे झालं, बाहेरच्या खोलीत जायला नको.

बाहेरच्या खोलीत तिचा धाकटा भाऊ शाल गुंडाळून बसला होता. बारमध्ये त्याला सगळे उस्ताद म्हणायचे, आणि उगाच नाही म्हणायचे. ग्लास नुसता नाकाशी नेऊन तो सांगायचा, यातलं लिंबू कालचं आहे. थंडी पडली की त्याच्या हातची गरम रम प्यायला लोक शहराच्या दुसऱ्या टोकावरून यायचे. लोकांना पाजता पाजता स्वतः कधी प्यायला लागला, ते त्यालाही कळलं नाही. मग यकृत बिघडलं, बोटं थरथरायला लागली, नोकरी गेली आणि स्वारी बहिणीच्या दारात येऊन उभी राहिली. डॉक्टरांनी ताईला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "आता प्यायले, तर हा हिवाळा काही काढत नाहीत."

ताईने काय नाही केलं? रागावली, रडली, शपथा घातल्या. बूट कपाटात कोंडले, तर हा पठ्ठ्या नुसत्या मोज्यांवर बारमध्ये गेला. ओळखीचा टॅक्सीवाला त्याला दारात आणून सोडायचा आणि ताईकडे न बघताच निघून जायचा. शेवटी तिने हात टेकले. तेव्हा तोच म्हणाला, "संध्याकाळी घरात एक ग्लास करून देत जा. मग उंबऱ्याबाहेर पाऊल टाकणार नाही."

ज्या हातांनी त्याला लहानपणी भरवलं, त्याच हातांनी ताईने बाटली आणली. शिवायला आलेल्या कापडांखाली, पिशवीत लपवून. उस्तादने खुर्चीत बसून तिला धडा दिला.

"पाणी उकळ. लवंग टाक, दालचिनी टाक. मग मध आणि लिंबू. आधी गॅस बंद करायचा आणि सगळ्यात शेवटी रम. दारू आचेवर कधी चढवायची नाही, ताई. उकळली की तिचा जीव जातो. उरतो तो नुसता काढा."

ताईने शहाण्या मुलीसारखी मान डोलावली. आणि दुसऱ्या दिवसापासून सगळ्यात आधी रमच आचेवर चढवायला लागली.

एकदा पातेल्यावर निळा जाळ उठला आणि तिची भुवई होरपळली. "भुवईला काय झालं गं?" त्याने विचारलं. "इस्त्रीची वाफ लागली," ती म्हणाली. त्याने ग्लाससाठी हात पुढे केला.

रोज तो ग्लास दोन्ही हातांत धरायचा, एक घोट घ्यायचा आणि म्हणायचा, "जमलं, ताई." आणि रोज ताईला भडभडून यायचं. आपण भावाला फसवतोय याचं तिला फारसं काही वाटत नव्हतं. पण एवढं तिखट नाक, एवढी जीभ, आजारपणाने तीही खाल्ली, हे तिला सोसत नव्हतं. काढा पितोय आणि जमलं म्हणतोय. मग पाठोपाठ दुसरी भीती यायची. ही जीभ एक दिवस ताळ्यावर आली तर? पहिल्याच घोटाला ग्लास खाली ठेवेल आणि बूट चढवेल. भाऊ पहिल्यासारखा व्हावा, असं मनातल्या मनात म्हणायचीसुद्धा तिला चोरी झाली होती.

आजही पातेलं खदखदत होतं. ताई काठाकडे डोळे लावून उभी होती. रम निम्मी आटली, एवढी पुरे, उशीर झाला तर तो हाक मारेल, असा तिचा रोजचा हिशेब चालला होता. तेवढ्यात मागे दार करकरलं.

उस्ताद चौकटीला धरून उभा होता. त्याने पातेल्याकडे पाहिलं. मग उघड्या बाटलीकडे. मग खिडकीकडे. पाण्याचं भांडं अजून कोरडंच होतं, लवंगा ताटलीत तशाच होत्या. लपवायला काही उरलंच नव्हतं. त्याच्या खांद्यावरून ताईला बाहेरचं दार दिसत होतं, आणि दाराशी त्याचे बूट.

"जाऊ नकोस," ती म्हणाली. तिला दुसरं काही सुचलंच नाही. "हे ओतून टाकते. तू सांगितलंस ना, तशी करून देते. शेवटी घालते. पण बाहेर जाऊ नकोस रे."

तिने घाईघाईने फडकं घेतलं आणि पातेलं उतरवायला हात घातला. तो भिंतीचा आधार घेत जवळ आला. त्याचा हात तिच्या मनगटावर पडला आणि तिथेच राहिला.

"असू दे आचेवर," तो म्हणाला. "रोज घाई करतेस, ताई. थोडा जीव राहतो तिच्यात."