नाव घातलेला डबा

बदलीचं सामान बांधताना न्यायाधीश मॅडमनी कणकेचा डबा बाजूला काढला आणि पोळ्या करणाऱ्या बाईपुढे धरला. "ताराबाई, हा तुम्हाला. झाकणावर माझं नाव आहे, तेवढं भांडीवाल्याकडून घासून तुमचं घालून घ्या."

"राहू द्या, मॅडम. माझंही नाव हेमलताच आहे."

मॅडमचा हात झाकणावरच थांबला. "मग ताराबाई कोण?"

"पहिल्या दिवशी तुमच्या सासूबाई म्हणाल्या, एका घरात दोन हेमलता नकोत, गोंधळ होईल. तुला तारा म्हणू." ती हसली. तीन वर्षं रोज सकाळी कणीक काढताना त्या ठिपक्याठिपक्यांच्या अक्षरांवरून तिचा अंगठा फिरायचा. 'चि. सौ. कां. हेमलता हिस मामाकडून सप्रेम भेट.' तिला मामा नव्हता, पण वाचायला बरं वाटायचं.

मॅडम खुर्चीत बसल्या. "कोर्टात साध्या साक्षीदाराच्या नावाचाही तीनदा पुकारा होतो. आणि इथे मी तीन वर्षांत एकदा विचारलं नाही."

"त्यात काय एवढं," असं म्हणून तिने डबा काखेत मारला आणि ती निघाली.

फाटकाशी पोचली तोच मागून मॅडमचा आवाज आला, "हेमलताबाई!" सवयीने ती चालतच राहिली. या घरात ती हाक तिच्यासाठी कधी नसायची. पुन्हा हाक आली, तरी तिने कडी काढली.

तिसऱ्या हाकेला तिची पावलं थबकली. डबा छातीशी धरून ती वळली आणि म्हणाली, "ओ."