कावळा शिवला नाही

“पोटात मूल नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “गाठ आहे.”

द्वारकेने हातातली कुंची घट्ट धरली. दहावा महिना उलटला तरी कळा नव्हत्या, म्हणून तिला कल्याणहून ठाण्याला दाखवायला आणली होती. न जाणो, इथेच मोकळी झाले तर! म्हणून तिने बाळासाठी स्वतः शिवलेली कुंची बरोबर घेतली होती.

सासू गंगूबाई चार हात लांब उभ्या होत्या. त्यांचं सोवळं म्हणजे काय विचारता! आगगाडीत कुणाचा धक्का लागेल म्हणून बाई लाल आलवण आवरून उभ्याने आल्या. घरात कुणी बाजूला बसली, तर तिचा आवाजसुद्धा त्यांना खपत नसे.

“गाठ साधी आहे. गर्भपिशवीत होते कधी कधी.” डॉक्टरीणबाईंनी द्वारकेची पापणी खाली ओढली. आत पांढरंफटक होतं. “पण हिचं रक्त गेलं कुठे? महिन्याची बाजूला बसत होती का?”

“छे! दिवस राहिल्यापासून कावळा शिवला नाही हिला. मुलाला विचारा.”

दाराशी उभ्या त्र्यंबकने मान हलवली. त्याच्या दुसऱ्या लग्नाची बोलणी अगदी सुपारीपर्यंत आली होती. तेवढ्यात द्वारकेला दिवस गेले. पोटुशीच्या उरावर सवत आणीत नाहीत, असं आईनेच त्याला बजावलं होतं.

“आधी आणली असती तर गाठ काढता आली असती,” डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या. “आता शस्त्र लावलं तर ही उठायची नाही. नाही लावलं तरी...”

द्वारका रडली नाही. तिने सासूकडे पाहिलं. “सासूबाई, तुम्ही तर म्हणालात, पोट असतानाही काहींना अंगावर जातं. कुणाला सांगू नकोस म्हणालात.”

गंगूबाई धावल्या आणि त्यांनी सुनेला पोटाशी कवटाळलं. त्यांना हुंदका आवरेना.

“मी सवत म्हणून आले, तेव्हा थोरलीने शेणाळे तळ्यात जीव दिला हो! हिचा तरी वाचावा म्हणून... दर महिन्याला शिवत होता कावळा. पहाटे उठून हिची लुगडी मीच धुवत होते, आणि त्याच हातांनी देव पूजत होते.”