इंग्रजी संभाषणाचा तास

"यू नेव्हर लिसन," पार्लरवाली म्हणाली.

"यू ऑल्वेज इंटरप्ट," घड्याळ दुरुस्तीवाला तिच्याकडे न बघताच म्हणाला.

मॅडमनी मार्कर टेबलावर आपटला. आता मात्र डोक्यावरून पाणी गेलं होतं. फळ्यावर आजचे शब्द चांगले मोठ्या अक्षरांत लिहिले होते. ग्रीट, चॅट, डिस्कस. विषय काय, तर अनोळखी माणसाशी चार गोड शब्द बोला. बाकीच्या जोड्या गुण्यागोविंदाने गप्पा मारत होत्या. नर्स ड्रायव्हरच्या शर्टाचं कौतुक करत होती, मोडक्यातोडक्या इंग्रजीत का होईना, पण मनापासून. आणि ही दोघं? जेमतेम महिन्याभराची ओळख, पण जन्मोजन्मीचं वैर असल्यासारखी एकमेकांवर तुटून पडायची.

बरं, जोडी बदलू म्हटलं की दोघंही ठाम नकार द्यायची. शब्द विचारायची तेही कसले. काल घड्याळवाल्याने 'कटकट करणे'ला काय म्हणतात विचारलं. मॅडमनी भाबडेपणाने 'नॅग' सांगितलं, तर पठ्ठ्याने तो तिथल्या तिथे तिच्यावर वापरून टाकला. परवा तिने 'गुळमुळीत बोलणे' विचारलं होतं. तेव्हाच ओळखायला हवं होतं.

"अहो, काय बिनसलंय तुमचं?" मॅडमनी शेवटी स्वतःचाच नियम मोडला. "ते इंग्रजी ठेवा बाजूला. काय असेल ते मराठीत बोला आणि एकदाचे मोकळे व्हा."

दोघांनी तोंडात गुळणी धरली. तो पंख्याकडे बघत राहिला, ती पर्सच्या चेनशी चाळा करत बसली. मॅडमनी कपाळाला हात लावला. तोंडी परीक्षा पंधरवड्यावर आली होती, आणि असल्या बोलण्यावर परीक्षक दोघांनाही नापास करणार हे उघड होतं.

त्यात आणखी एक गोष्ट त्यांना खटकत होती. तास सुटला की घड्याळवाला फाटकाशी रेंगाळायचा आणि पार्लरवाली निघाली की थोडं अंतर ठेवून तिच्या मागे मागे जायचा. मॅडमनी खिडकीतून स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. बाई बिचारी भीतीने बोलत नसणार.

त्या दिवशी त्यांनी तिला थांबवून घेतलं.

"घाबरू नका. तो माणूस तुमच्या मागे असतो, मला माहितेय. वर्गातही तुम्हाला नाही नाही ते बोलतो. उद्यापासून त्याला सकाळच्या वर्गात टाकते. तुम्हाला परत त्याचं तोंड दिसायचं नाही."

पार्लरवालीचा चेहरा खर्रकन उतरला. "सकाळी नको, मॅडम."

"अहो, तुमच्याच भल्याचं सांगतेय. कशाला रोज ऐकून घेता?"

"मी पण कुठे कमी बोलते?"

"म्हणूनच म्हणतेय ना. दोघांच्याही डोक्याचा ताप जाईल."

"नका हो वर्ग बदलू." तिचे डोळे भरून आले होते. तिने जिन्याकडे एकदा नजर टाकली आणि आवाज खाली आणला. "मुलीच्या लग्नापासून घरात ह्यांचा नि माझा अबोला आहे. मराठीत एक शब्द नाही. इंग्रजीत आता कुठे भांडायला लागलोय."