पोचल्याची खूण

साथरोग कक्षातला फोन वाजला तेव्हा ती पर्स आवरत होती. शेजारच्या टेबलावरचा सहकारी हसला. “घ्या. आईसाहेबांची हजेरी.”

“पोचला का गं रिपोर्ट?” आईने विचारलं.

“पोचला, आई. तू बटण दाबलंस की त्याच क्षणी पोचतो. किती वेळा सांगू?”

आई शहराच्या दुसऱ्या टोकाला, प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होती. पूर्वी कॉलरा किंवा घटसर्प सापडला की ती फोन करून नमुन्याचा क्रमांक सांगायची, वस्ती सांगायची, दोन्ही परत म्हणवून घ्यायची. आता तिने निकाल पक्का केला की तो आपोआप इथल्या पडद्यावर उमटायचा आणि तिच्या पडद्यावर पोचल्याची हिरवी खूण यायची. ही सोय बसवणाऱ्यांत लेकही होती. तिची पंचाईत व्हायची ती त्यामुळेच.

“तुला हिरवी खूण दिसत नाही का?”

“दिसते की. पण बोलते कुठे ती?”

“इथे सगळे हसतात मला.”

“हसू देत. दिवसभर आजारच बघायचे त्यांनी, हसणार कधी?” आईने दम घेतला. “चल, निघते. आज पाय अगदी भरून आलेत. बस चुकायची. आणि घरी पोचलीस की कळव.”

“कळवते. आई, मी काय आता शाळेत आहे का?”

“तरी कळव.”

घरी गेल्यावर तिने चपला काढता काढता मेसेज टाकला. ‘पोचले.’ आईने तो बघितला नाही. स्वयंपाकात असेल, असं तिला वाटलं.

आई तेव्हा बसथांब्याच्या बाकावर होती. खांबाला डोकं टेकलेलं, मांडीवर डबा. बस येऊन गेली, तिच्यामागची दुसरीही गेली. दमलेल्या बाईचा डोळा लागलाय, असं समजून कोणी उठवलं नाही.

आईचं तेरावं उरकून ती कामावर आली, तेव्हा कोणीतरी तिचं टेबल पुसून ठेवलं होतं. सहकाऱ्याने न विचारता चहा आणून दिला आणि तो तिथेच घुटमळत उभा राहिला.

“एक सांगायचं होतं. म्हणजे तुम्ही बघण्याआधी सांगावं म्हटलं. आईंच्या जागी आलेल्या बाईंचं खातं अजून उघडलेलं नाही. तिथले रिपोर्ट अजून आईंच्याच नावाने येतात.”

तिने चहाचा कप टेबलावर ठेवला.

“नवं खातं आज उघडतोय. मग जुनं बंद करावं लागेल. मी करू का?”

“नको,” ती म्हणाली. “मी करते.”

दुपार उलटली. नव्या बाईंचं खातं सुरू झालं. तिने आईचं उघडलं. ‘खाते बंद करायचे?’ पडद्याने विचारलं. तिचा हात माउसवर नुसताच राहिला.

तेवढ्यात कोपऱ्यात एक ओळ उमटली. कॉलरा, नदीकाठची वस्ती, सात वर्षांची मुलगी. नव्या बाई अजून जुन्याच खात्यातून काम करत होत्या; पाठवणारी म्हणून आईचं नाव. तिने काही करण्याआधीच खाली हिरवी खूण आली. बाहेर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. पथक वस्तीकडे निघालंसुद्धा. कोणाचंच काही अडलं नव्हतं.

तिने फोनकडे पाहिलं. सहकारीही फोनकडेच बघत होता. तिची नजर वळताच त्याने खाली मान घातली आणि तो कागद चाळायला लागला.

तिने ‘हो’ दाबलं. आईचं नाव यादीतून गेलं.

मग तिने रिसीव्हर उचलून कानाला लावला. नंबर फिरवला नाही. आत नुसती लांबलचक घरघर होती.

“पोचला, आई,” ती म्हणाली. एवढं ती रोजच म्हणायची.

रिसीव्हर ठेवायला खाली नेलेला हात अर्ध्यावर थांबला. तिने तो पुन्हा कानाशी आणला.

“तू पोचलीस का गं?”