उजवा खांदा

सोनाजीचा नेम सारखा चुकायचा. निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या सरहद्दीवरच्या कॅम्पातल्या उस्तादानं बराबर ओळखलं, "हात उजवा असला तरी तुझा नेमाचा डोळा डावा हाय. बंदूक डाव्या खांद्याला लाव."

मग पहिल्याच गोळीत निजामाचा जमादार पडला.

दुसऱ्या दिवशी निजामाच्या शिपायांनी सोनाजीच्या गावात चावडीपुढं एकेका गड्याचा सदरा उजव्या खांद्यावरून खाली ओढला. बंदुकीच्या धक्क्यानं उठलेला वळ ते शोधत होते. सोनाजीचा खांदा साफ निघाला. त्याचा थोरला भाऊ दगडोबा हिंगोलीच्या बाजारात पोती वाहायचा. त्याचा खांदा काळानिळा होता. त्यालाच धरलं.

सोनाजी बोलायला पुढं सरकला.

त्याचा सदरा डाव्या खांद्यावर नीट ओढत दगडोबा हळूच म्हणाला, "झाकून ठेव, लेकरा."