मागच्या दाराचा कॅमेरा

"तिथं नको लावू," अनंता तिसऱ्यांदा म्हणाला. "मागच्या दाराला चोराचं काय काम?"

शिडीवर चढलेला सदा हसला. म्हसळ्याहून कॅमेरे बसवायला आलेला हा माणूस आपल्या धंद्यात चांगला मुरलेला होता. "काका, चोराला मागचंच दार लागतं. पुढच्या दारानं पाहुणे येतात."

सुचिता खाली मोबाईल धरून उभी होती. अनंताची ही थोरली लेक खास दोन दिवसांची रजा काढून पनवेलहून आली होती. घराचा नकाशा तिनं वहीच्या पानावर आधीच काढून आणला होता. एक कॅमेरा पुढच्या ओटीवर, एक जाळ्यांच्या खोपीवर आणि तिसरा मागच्या पायरीवर. गेल्या महिन्यात कोळीवाड्यात डिझेलचे कॅन चोरीला गेले, हे निमित्त झालं. खरं तर तिला तिसराच कॅमेरा हवा होता.

दोन वर्षांपूर्वी आश्विनातल्या वादळात घरची होडी आगरदांड्याच्या पुढे उलटी सापडली. तीत गेलेला सुचिताचा भाऊ विनेश सापडला नाही. अनंतानं भर किनाऱ्यावर खाऱ्या पाण्यात हात बुडवून शपथ घेतली. "दर्यानं माझा पोर खाल्ला. आता मी दर्याचं काय खायचो न्हाय." कोळ्याच्या पोटी जन्मलेला माणूस वरण-भातावर आला. तोही जेमतेम दोन घास. सहा महिन्यांत सदरा अंगावर लोंबायला लागला.

मग एका तिन्हीसांजेला त्याच्या बायकोनं, केसरनं, ॲल्युमिनियमच्या ताटात भात आणि बोंबलाचं कालवण वाढलं आणि मागच्या पायरीवर नेऊन ठेवलं. "विनेश खाडीकडनं येल. भुकेला असंल," एवढंच बोलली आणि आत गेली. त्या दिवसापासून तिनं एकही संध्याकाळ चुकवली नाही. सकाळी ताट रिकामं असायचं. शेजारणी एकमेकींकडे बघायच्या. सुचितानं फोनवर किती वेळा समजावलं, की आई, मांजर खातं. पण केसर ताट ठेवायचं सोडत नसे. शेवटी लेकीनं ठरवलं, एकदा आईला मांजर डोळ्यांनीच दाखवायचं. म्हणजे तिचं हे वेड जाईल.

मांजर नव्हतं. अनंता होता.

पहिल्या पहाटे भरलेलं ताट बघून त्याच्या काळजाचं पाणी झालं. केसर उठेल, ताट जसंच्या तसं बघेल, मग तिचं काय होईल? त्यानं ताट खाडीत रिकामं केलं आणि धुऊन पायरीवर ठेवलं. महिनाभर हेच चाललं. मग एका पहाटे ताटात बोयट मासळीचं आंबट-तिखट होतं. नुसता वास घ्यावा म्हणून त्यानं ताट तोंडाशी नेलं, आणि कधी संपवलं ते त्याचं त्यालाच कळलं नाही. तिथंच पायरीवर बसून तो पोरासारखा रडला. शपथ मोडली होती. तीही मेलेल्या लेकाच्या वाट्याचं खाऊन. दुसऱ्या दिवशी त्यानं पुन्हा खाल्लं. मग रोजच.

आणि आता हा कॅमेरा. उद्या सकाळी मायलेकी मोबाईल घेऊन बसतील. त्यात विनेश दिसणार नाही, मांजर दिसणार नाही. पायरीवर उकिडवा बसून चाटूनपुसून खाणारा म्हातारा दिसेल. ज्या आशेवर केसर उभी आहे, तीच आपल्या हातानं मोडायची. म्हणून अनंता एकेक सबब काढत होता.

"भिंत ओली हाय," तो म्हणाला.

"पत्र्याखालच्या वाशाला लावतो, काका."

"खाऱ्या वाऱ्यानं वायर सडंल."

"कव्हरातली वायर हाय. तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त टिकंल," सदा म्हणाला आणि ड्रिल चालू केलं. "ताई, बघा बरं मोबाईलमधी. पायरी येते का?"

"थोडा खाली घ्या... हां, बस्स. एकदम स्पष्ट येते."

ड्रिलच्या आवाजानं केसर बाहेर आली. हातात मासळी धुतलेलं पातेलं होतं. तिनं वर कॅमेऱ्याकडे बघितलं, मग लेकीच्या हातातल्या मोबाईलकडे.

"बघ आई," सुचिता तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली. "आता रोज पहाटे कोण येतं ते तुलाच दिसेल."

अनंतानं शिडी घट्ट धरली. त्याला वाटलं, ही आता हरखेल. लेक दिसणार म्हणून रात्रभर त्या मोबाईलला कवटाळून बसेल.

"काढ तो तिथनं," केसर म्हणाली.

"अगं, पण तुला विनेशला बघायचं नाही?"

केसरनं पातेलं खाली ठेवलं. "विनेश गेला, सुचिते. होडी उलटी दिसली तवाच मला कळलं." "ह्यो माणूस माझ्या डोळ्यांदेखत वाळत चालला व्हता. दर्याची शपथ घेतलेल्याला समोर बसवून वाढू कशी? म्हून लेकाच्या नावानं ताट ठेवलं. पयले हे खाडीत टाकायचे. म्हटलं, टाकू दे, कदीतरी वास जाईल नाकात."

सदानं ड्रिल बंद केलं. सुचिता वळून बापाकडे बघायला लागली. अनंताची मान वर होईना.

केसरनं त्याच्याकडे बघितलंच नाही. ती सदाला म्हणाली, "कुणी बगतंय म्हटल्यावर ह्यांच्या गळ्याखाली घास उतरायचा न्हाय, बाबा. औंदा दात पडले, तवापासनं तर मी काटे काढूनच ठेवते."