ढगवेड्याची तक्रार

"चित्राचा खालचा भाग नीट दिसत नाही," अशी तक्रार ढगवेड्याने तिसऱ्यांदा लिहून पाठवली, तेव्हा आभाळवाल्यांनी स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि ते गुडघ्यावर हात टेकत गच्चीचा जिना चढले.

आभाळवाले हे नाव गल्लीने ठेवलेलं. पाणीपुरवठ्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी गच्चीवरच्या टाकीला एक कॅमेरा बांधला होता. तो दिवसभर थोड्या थोड्या वेळाने आभाळाचा फोटो काढी आणि खालच्या खोलीतला संगणक तो इंटरनेटवर टाकी. लोकांना त्यात काही राम वाटत नसे. "खिडकीतून मान बाहेर काढली की फुकटात दिसतं," असं कोपऱ्यावरचा न्हावी गिऱ्हाइकांना सांगे.

मुलगी त्यांच्या मनाविरुद्ध लग्न करून गेली, त्याच वर्षी हा कॅमेरा बसला. "या घरातून तिला फोन जायचा नाही," असं त्यांनी बायकोला बजावलं होतं, आणि तो गेला नाही. घरात बोलायला विषय उरला नाही, तेव्हा त्यांनी आभाळ धरलं.

कॅमेरा मुळात जुना घेतलेला. आता तो बनवणारी कंपनीही बुडाली होती. उन्हाने वायर ताठ झाली होती, डबीत मुंग्यांनी घर केलं होतं, भिंगाला बुरशी धरली होती. एक जागा शिवावी तर दुसरी उसवे. सुरुवातीला बरेच लोक बघायचे. मग हवामान ज्याच्या त्याच्या खिशात आलं आणि एकटा ढगवेडा उरला.

ढगवेडा हे त्याने स्वतःच घेतलेलं नाव. रोज संध्याकाळी तो हटकून यायचा. एकदा त्याने सुचवलं होतं, "कॅमेरा जरा खाली वळवलात, तर ढगांच्या उंचीचा अंदाज येईल." आभाळवाल्यांना ते पटलं. तेव्हापासून चित्रात गच्चीही येऊ लागली.

"जाणकार माणूस आहे. मास्तर असावा कुठेतरी," ते बायकोला म्हणाले होते.

बायको संगणकापाशी कधी फिरकली नाही. पण जेवताना विचारायची, "आज आला होता का तुमचा ढगवेडा?"

"तो कसला चुकतोय!"

मग ती पुढचं वाढायची.

त्या दोघांचं वाजायचं ते एकाच गोष्टीवरून. ऐन संध्याकाळी, रंग भरात असताना, ती वाळलेले कपडे काढायला जाई आणि एकेक घडी घालत तिथेच रेंगाळे. "मध्ये उभी राहू नकोस, आभाळ झाकतंय," ते खालून ओरडत. "कपडे काय तुमच्या आभाळाला विचारून काढू?" ती म्हणे, आणि हलत नसे.

तिला जाऊन आता दोन महिने झाले होते. साधा ताप म्हणता म्हणता छातीत उतरला आणि चार दिवसांत खेळ आटोपला. दवाखान्याच्या दारात मेहुण्याने हळूच विचारलं होतं, "कुणाला कळवायचं राहिलंय का?"

"नाही," ते म्हणाले होते.

त्यानंतर अंथरुणातून उठावं असं काही उरलंच नव्हतं. चहा केला काय, न केला काय. तेवढ्यात ढगवेड्याची तक्रार आली. कुणाला तरी त्यांच्याकडून काहीतरी हवं होतं.

त्यांनी आधी काच पुसली. तक्रार पुन्हा आली. मग डबी झाडून वायर बदलली. तरी तेच. आज कॅमेरा सोडवून ते दुरुस्तीवाल्याकडे गेले.

दुरुस्तीवाल्याने भिंग उजेडात धरलं. "काका, याला आता दुरुस्ती नको, पेन्शन द्या. बघतात तरी किती जण?"

"एक."

"एकासाठी एवढा खटाटोप?"

"एक तरी आहे," ते म्हणाले.

दुरुस्तीवाला उठला. भंगारातल्या एका कॅमेऱ्याचं भिंग काढून त्याने बसवून दिलं.

गच्चीवर ते कॅमेरा पुन्हा बसवू लागले. एक स्क्रू निसटून पन्हळीत गेला, तेव्हा त्यांनी कॅमेरा तारेनेच आवळला. खाली येऊन बघतात तर चित्र लख्ख. कठड्याच्या भेगा, रिकामी दोरी, तिच्यावरचे उन्हाने विटलेले चिमटे, सगळं हातावर ठेवल्यासारखं. "आता बघा," त्यांनी लिहिलं.

संध्याकाळी उत्तर आलं. "अजून दिसत नाही."

ते खुर्चीत मागे टेकले. संगणकाचा पंखा घरघरत होता. सगळं करून झालं होतं, आता अंगात काही उरलं नव्हतं. त्यांनी आपला नंबर लिहिला आणि खाली लिहिलं, "काय दिसत नाही ते फोनवर सांगा. तरीही नाही जमलं, तर उद्यापासून बंद करतो."

फोन लगेच वाजला.

"ढगवेडे का?" त्यांनी विचारलं. "मी चित्रासमोरच बसलोय. खालचा भाग म्हणालात ना? मला कठडा दिसतो, कपड्यांची दोरी दिसते. तुम्हाला दोरी दिसते का?"

"हं."

"चिमटे?"

"हं."

"मग राहिलं काय?"



"बाबा," आवाज म्हणाला, "आई कुठे आहे?"